विहिरीची बोराटी

इंद्रजितचा व्हिडिओ आटपाडीच्या बाजारात त्याच्या आईच्या आधी पोचला. ओळखीच्या बायका बनुबाईला थांबवून विचारू लागल्या, लांडग्याचं पिल्लू विहिरीतून काढणारा तो पोरगा तुझाच ना? बनुबाईची छाती फुगली, आणि का नाही फुगणार? ज्याला रोज सकाळी उठवताना तिचा घसा बसायचा, त्याचं नाव आता पार साताऱ्याची पोरं घेत होती.

घरी येऊन तिनं त्याचा मोबाईल मागून घेतला. व्हिडिओत माळावरची त्यांचीच कोरडी विहीर. कोकरं पडू नयेत म्हणून तिच्याभोवती बोरीच्या काटेरी फांद्यांची बोराटी रचलेली. इंद्रजित पळत येतो, बोराटी ओढून वाट करतो, दोर धरून उतरतो आणि पिल्लू छातीशी धरून वर येतो. व्हिडिओखाली लोकांनी फुलं नि जोडलेले हात पाठवले होते.

बनुबाईच्या मनात पाल चुकचुकली. तिनं व्हिडिओ पुन्हा लावला. बोराटी तर सगळीकडून बंद होती. ती तिनं स्वतः रचली होती, त्यातून ससासुद्धा शिरला नसता. मग नुकते डोळे उघडलेलं पिल्लू आत गेलं कुठून?

सकाळी ती विहिरीभोवती फिरून आली. कुठंतरी फट सापडावी असं तिला मनापासून वाटत होतं. फट नव्हती. आणि आता तिला आठवलं, यंदा लांडगीण कुठं व्याली ते इंद्रजितनं सहज विचारावं तसं विचारलं होतं. लांडग्याची ढोल, म्हणजे पिल्लांचं बीळ, मेंढपाळ परक्याला सांगत नाहीत. पण हा घरचा, म्हणून तिनंच बोट करून दाखवली होती.

जेवताना तिनं विषय काढला. तो म्हणाला, वरनं पडलं असेल.

“वरनं? घारीनं टाकलं व्हय?”

इंद्रजित भाकरी मोडत म्हणाला, “लगेच ढोलीत नेऊन ठेवलं की त्याला, आये.”

“मग आधी बोराटी कशाला लावलीस?”

“कोकरं पडली असती न्हवं.”

हे तो इतक्या साधेपणानं बोलला की बनुबाईच्या हातातला घास हातातच राहिला. पिल्लू विहिरीत सोडून यानं सवयीनं बोराटी लावली होती आणि मग मोबाईल चालू केला होता.

तिनं त्याला ताटावरून उठवलं आणि ढोलीपाशी नेलं. लांडगिणीनं बाकीची पिल्लं हलवली होती. एकच तोंडाशी पडलं होतं, ताठ. त्याला अजून साबणाचा वास येत होता. व्हिडिओत चांगलं दिसावं म्हणून धुतलं, असं इंद्रजित पुटपुटला. वास बदलला की मेंढी आपलं कोकरू जवळ घेत नाही, हे चालायला लागल्यापासून बघत आलेलं पोर! बनुबाईला इतका संताप आला की रडूसुद्धा येईना. तिनं पिल्लावर दगड रचले. इंद्रजितच्या खिशात मोबाईल वाजतच होता.

संध्याकाळी मेंढ्या वाड्यात घालून त्यानं रोजच्यासारखी वाड्याच्या तोंडाला बोराटी लावली आणि हात झटकत तो घराकडं गेला. आजवर त्यानं लावलेली बोराटी बनुबाईनं कधी तपासली नव्हती. आज तो गेल्यावर ती वाड्यापाशी गेली आणि एकेक फांदी हलवून बघू लागली.