पिंपळगावचा संगणक दाद देईना

शुक्रवारी सकाळी साडेनऊला प्रतिभा शेवाळेने स्कॅन लावला, तेव्हा दुपारपर्यंत आपण मोकळ्या होऊ असा तिचा अंदाज होता. द्राक्षं निर्यात करणाऱ्या एका कंपनीच्या गंगापूर रोडवरच्या मुख्य कचेरीत ती अकरा वर्षं संगणकांची व्यवस्था बघत होती. परदेशी खरेदीदाराचे तपासनीस सोमवारी येणार होते आणि त्यांना यादी हवी होती. कंपनीचे संगणक किती, कशावर काय सॉफ्टवेअर आहे, अँटिव्हायरस कुठे जुना झालाय, असं सगळं. त्यासाठी जागचं हलायचं कारण नव्हतं. खुर्चीत बसल्या बसल्या नेटवर्कवरून नाशिक, लासलगाव, पिंपळगाव इथल्या बेचाळीस संगणकांची झडती घेता येत होती.

पहिल्याच फेरीत नऊ संगणक लाल झाले.

प्रतिभाने पदर खोचावा तशी ओढणी बांधली आणि एकेकाच्या मागे लागली. चार तर चक्क बंद होते. फोन करकरून ते चालू करायला लावले. लासलगावच्या तिघांना फायरवॉलने अडवलं होतं, तिथे तिने स्कॅनपुरती वाट मोकळी करून दिली. एकाचा जुना पत्ताच सर्व्हरने धरून ठेवला होता, त्यामुळे स्कॅन भलत्याच मशिनचं दार ठोठावत होता. साडेअकरापर्यंत आठ उरकले.

उरला एक. पिंपळगाव बसवंतच्या शीतगृहातला.

त्याचं काही कळेना. हाक मारली की ओ द्यायचा, म्हणजे चालू होता, नेटवर्कवर होता. पण आत शिरायला गेलं की एकच उत्तर, ‘प्रवेश नाकारला’. तिने पासवर्ड तपासला, बरोबर. परवानग्या तपासल्या, बरोबर. तोच पासवर्ड शेजारी द्राक्षं पेट्यांत भरतात त्या पॅकहाऊसमधल्या संगणकावर बिनबोभाट चालत होता. शेवटी तिने शीतगृहाला फोन लावला.

“हॅलो, कोल्ड स्टोरेज.”

आवाज ओळखून ती जरा चपापली. सहादू गांगुर्डे. चोवीस वर्षं त्या शीतगृहाची यंत्रं सांभाळणारा माणूस. बुधवारीच त्याला कंपनीचं पत्र गेलं होतं. मंगळवारी दुपारी वीज गेली, तीन नंबरच्या खोलीचं तापमान चढलं, अलार्म वाजला, आणि सहादूने जनरेटर चालू केला तो तब्बल पंचेचाळीस मिनिटांनी, असा ठपका होता. माल खराब झाला नव्हता, पण अलार्म वाजल्यापासून दहा मिनिटांत जनरेटर चालू झालाच पाहिजे असा नियम होता. सोमवारपर्यंत लेखी खुलासा दे, नाहीतर कामावरून कमी करू, असं पत्रात लिहिलं होतं. आणि शीतगृहाच्या यंत्रणेतून ईमेलने आपोआप येणारा अलार्मचा तो अहवाल छापून व्यवस्थापक गायधनी साहेबांच्या टेबलावर ठेवला होता प्रतिभानेच. मागितला, तिने दिला.

“सहादूभाऊ, मी प्रतिभा. तिथल्या संगणकात मला इथून जाता येत नाहीये. जरा मदत कराल?”

“करतो ना मॅडम. सोमवारपोत हायेच मी इथं.”

 मग तिने त्याला एकेक सांगायला सुरुवात केली. केबल नीट बसलीये का बघा. बघितली. मशिन एकदा बंद करून चालू करा. केलं. तरीही लाल. मध्येच तिने सहज विचारलं, “हा मधे कधी बंद होता का हो?”

“व्हता की. मागच्या आठवड्यात यूपीएसवाला आला व्हता. दिवसभर बंदच ठिवलं व्हतं. तापमान मी हातानं लिवत व्हतो वहीत.”

प्रतिभाच्या डोक्यात काहीतरी टिकटिकलं. सर्व्हर आणि संगणक यांच्या घड्याळांत पाच मिनिटांहून जास्त फरक पडला, तर सर्व्हर ओळख पटवूनच घेत नाही. पासवर्ड शंभर टक्के बरोबर असला तरीही.

“सहादूभाऊ, स्क्रीनवर खाली उजव्या कोपऱ्यात वेळ दिसते ना? किती वाजलेत?”

“अकरा वाजून चौदा.”

तिने भिंतीकडे पाहिलं. मोबाइल पाहिला. अकरा त्रेपन्न.

“तुमच्या हातातल्या घड्याळात?”

पलीकडे कॉम्प्रेसरची घरघर चालू होती. 

“त्रेपन्न,” सहादू म्हणाला. “मॅडम, हे तर मागं हाय.”

एकोणचाळीस मिनिटं. आतला घड्याळाचा सेल मरायला टेकला असणार, म्हणून दिवसभर वीज नसताना घड्याळ रखडलं. एरवी सर्व्हरने त्याची वेळ आपोआप सुधारली असती. पण तापमानाची यंत्रणा बसवणाऱ्याने नोंदीत गडबड नको म्हणून ती सोयच बंद करून ठेवली होती. स्कॅनचं कोडं सुटलं होतं. पण आता तिचं लक्ष स्कॅनमध्ये नव्हतं. 

“मंगळवारी जनरेटर किती वाजता लावला तुम्ही?”

“सव्वादोनला. वहीत लिवलंय. लाइट गेली दोन वाजून आठला, अलार्म बोंबलला, मी पळतच गेलो. मी सायबांना म्हनलो, पाऊन तास खोलीचं मशिन बंद राहतं तर द्राक्षाच्या मण्यांना पाणी सुटलं असतं. एक पेटी ओली दावा मला. पन कोन ऐकतं? कॉम्प्युटर खोटं बोलत नाय म्हने.”

“थांबा. फोन ठेवू नका.”

आतला सेल बदलावा लागेल असं सांगून तिने त्याच्याकडून संगणकाची वेळ दुरुस्त करून घेतली आणि पुन्हा आत शिरायचा प्रयत्न केला. दार उघडलं. आत जाऊन तिने मंगळवारच्या तापमानाची सगळी नोंद काढली, नुसती अलार्मची नव्हे, मिनिटामिनिटाची. अलार्म एक वाजून तीस मिनिटांनी. तापमान चढायला लागलेलं एक एकोणतीसला. आणि एक छत्तीसला ते पुन्हा खाली यायला लागलेलं. अलार्मनंतर पंचेचाळीस मिनिटं नाही, सहा! त्यात एकोणचाळीस मिळवली की वीज गेली दोन आठला आणि जनरेटर लागला सव्वादोनला. सहादूच्या वहीशी मिनिट न् मिनिट जुळत होतं.

अहवालात फक्त अलार्मची वेळ छापून येत होती, आणि जनरेटरची वेळ सगळ्यांनी सहादूच्या वहीतून घेतली होती. पुढची नोंद कुणी उघडलीच नव्हती. तिनेही नाही.

कागद छापून, फोन तसाच चालू ठेवून ती तडक शामसुंदर गायधनी साहेबांच्या केबिनमध्ये गेली. साहेब शीघ्रकोपी, पण मनाचे खोटे नव्हते. त्यांनी चष्मा वर सरकवून जुना अहवाल आणि नवा कागद शेजारी ठेवले, बोटाने आकडे जुळवले, परत जुळवले.

“म्हणजे आपलंच घड्याळ मागे होतं?”

“हो सर. आणि अहवाल देताना मी ते तपासायला हवं होतं. चूक माझी आहे.”

“तुझी एकटीची कशी? सही माझी आहे पत्रावर.” त्यांनी खुर्ची मागे ढकलली. “फोन चालू आहे अजून? दे इकडे.”

तिने स्पीकर लावला.

“सहादू, गायधनी बोलतोय. तुझं काही चुकलेलं नाही. पत्र मागे घेतो, तसं लेखी आजच पाठवतो. सोमवारी तपासनिसांना शीतगृह तूच दाखवायचं.”

 साहेबांनी फोन जवळ ओढला. 

“म्हंजे सोमवारी ड्युटी हाय ना सायेब मला?”

“आहे रे बाबा, आहे.”

“दोन दिस घरी सांगितलं नव्हतं सायेब. बायकू, कुसाबाई, इचारत व्हती, जेवन का जात नाय. काय सांगावं?” तो हसला, की आणखी काही, ते कळलं नाही. “आता सांगतो.”

केबिनबाहेर येऊन प्रतिभाने फोन कानाला लावला. “सहादूभाऊ, तो अहवाल मीच काढून दिला होता.”

“ठाव हाय मला,” सहादू म्हणाला. “खाली नाव व्हतं ना तुमचं. पन आजचा कागद बी तुमीच काढला की. सोडा. त्यो सेल कवा आनताय? आन येताना जेवून येऊ नका, इथं खाऊ कायतरी.”

उद्या सकाळी येते, असं सांगून ती जागेवर बसली. तीन दिवस आपल्याला नीट झोप का लागत नव्हती, हे तिला आत्ता समजलं. एकदम भूक लागली. तिने डबा उघडला. मेथीची भाजी, भाकरी, लसणाची चटणी, सगळं गार झालेलं. शेवटच्या घासापर्यंत तिने सावकाश, चवीने खाल्लं.