अब्बासियाची डाक्टरीण
लैलाबीच्या घरातून प्रवासाला निघालेलं माणूस तिच्यापुढे मान झुकवल्याशिवाय दाराबाहेर पडत नसे. ती कुराणातली आयतुल कुर्सी पढायची, डोक्यावर फुंकर घालायची, मगच बॅग हलायची. शाळेचं तोंड तिने फारसं पाहिलं नव्हतं, पण एवढं तिला पाठ होतं. रत्नागिरी सोडून कुवेतच्या अब्बासियात आलेलं सगळं घर आपल्या या फुंकरीवर उभं आहे, असं ती बिनदिक्कत सांगायची.

आज तिची नात अदिबा निघाली होती. सालमियात फर्निचरच्या दुकानावर एक छोटं कॉलेज होतं, तिथे तिने फिजिक्सची दोन वर्षं केली. ती जमेस धरून पुढची वर्षं मलेशियाच्या युनिव्हर्सिटीत करायची होती.

दुकानावरचं कॉलेज! लैलाबीचं नाक तिथेच कापलं गेलं होतं. नाव घातलं त्या दिवशी शेजारच्या तबस्सुमने विचारलं, "चाची, पोरीने काय घेतलं?" लैलाबीने पापणी न हलवता सांगितलं, "डाक्टरकी." झालं, तेव्हापासून सगळी इमारत अदिबाला डाक्टरीण म्हणू लागली. अदिबाने कधी दादीला खोटं पाडलं नाही. कोणी नाडी बघायला हात पुढे केला की हसून म्हणायची, "अजून शिकतेय."

निरोपाला आलेल्या बाया हॉलमध्ये बसल्या होत्या. लैलाबी किचनमध्ये वाफवलेली गोड सांदणं साच्यातून काढत होती. अदिबा तिच्या मागे येऊन उभी राहिली.

"दादी, मी काय शिकते ते आज एकदा तुझ्या तोंडाने सांग ना त्यांना."

"भरल्या घरात मला खोटी ठरवतेस?"

"एकदाच. माझ्यासाठी."

"लय शहाणी झालीस. जा, तुझ्या त्या फिजिक्सलाच सांग फुंकर घालायला."

अदिबा दुपट्टा डोक्यावर ओढून, मान झुकवून तशीच उभी राहिली. लैलाबीला ते पाठीतून कळत होतं. तरी ती वळली नाही. एकेक सांदण सुरीने सोडवत राहिली. खालून अश्रफने, तिच्या लेकाने, गाडीचा हॉर्न दिला. मग बॅगेची चाकं वाजली, लिफ्टचं दार वाजलं.

येईल परत, लैलाबीला वाटलं. फुंकरीशिवाय जाते कुठे?

ताट भरून ती हॉलमध्ये गेली. तबस्सुम डोळे पुसत होती.

"गेली हो चाची, आपली डाक्टरीण. आता माझा काशिफ फिजिक्सला कोणाकडे बसणार? दोन वर्षं तिनेच तर शिकवलं त्याला."

लैलाबीचा हात ताटावरच थांबला. "फिजिक्स? तुला कोणी सांगितलं?"

तबस्सुमने जीभ चावली. पण तोंडातून गेलं ते गेलंच. "तिनेच. पहिल्याच आठवड्यात घरोघर जाऊन सांगून आली. म्हणाली, दादीसमोर मात्र मला डाक्टरीणच म्हणा. तिचा मान राहू दे."

कोणी मान वर करेना. सगळ्या बाया आपापल्या बशीतल्या सांदणाकडे बघत होत्या.

लैलाबीने ताट तिथेच टेकवलं आणि ती अनवाणी बाहेर आली. लिफ्ट कधीच खाली गेली होती. बंद दारासमोर उभी राहून तिने पढायला सुरुवात केली. एक अक्षर चुकलं नाही.

पढून झालं. छातीत श्वास भरला होता, आणि समोर डोकं नव्हतं.