कागदावरचा पंतप्रधान

तिने आपल्या थोरल्या भावाला, दादाला, पहिल्यांदा कागदावर उतरवलं ते निव्वळ चेष्टेत. तेव्हा तो बंदरात साधा कारकून होता. कामगारांच्या सभेत बोलायला उठला की त्याचे कान लाल व्हायचे, पण पोटात असेल तेच ओठावर यायचं. तिने त्याला आणखी मोठे कान दिले, आखूड बाह्यांचा कोट दिला आणि थेट पंतप्रधानाच्या खुर्चीत नेऊन बसवलं. साप्ताहिकाच्या संपादकबाई पानं चाळून म्हणाल्या, "हा माणूस मला दर आठवड्याला हवा."

अशी ती काळीपांढरी मंगा, जपानी धर्तीची चित्रकथा, सुरू झाली. त्यातला पंतप्रधान लाच घेऊन आलेल्याला चहा पाजून वाटेला लावी, आजारी विरोधकाच्या उशाशी बसे आणि अंगरक्षकांचा डोळा चुकवून बंदरावर आपल्या मित्राला, क्रेनवाल्याला, भेटायला जाई. क्रेनवालाही खराच होता, दादाचा जिवलग. पहिल्या सभेत दादा व्यासपीठावरून मागे फिरायला लागला तेव्हा यानेच त्याला मागून धरून ठेवलं होतं. मंगात स्वतःला पाहून तो तिला म्हणाला, "चिंगे, पोट जरा आत घे गं. देशाच्या इभ्रतीचा प्रश्न आहे."

लोकांनी मंगा डोक्यावर घेतली. पुढे दादा खरोखरच निवडणुकीला उभा राहिला, तेव्हा भिंतींवर त्याच्या फोटोंपेक्षा तिची चित्रंच जास्त झळकली. तो निवडून येऊन पंतप्रधान झाला त्या दिवशी आई टीव्हीला हात लावून बसली होती. "जेवला असेल का गं हा?" एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

सुरुवातीला सगळं ठीक चाललं. मग बंदरात संप झाला. कामावरून काढलेल्या माणसांना परत घ्या, एवढीच कामगारांची मागणी होती आणि पुढे उभा होता क्रेनवाला. मालक हटेनात, कामगारही हटेनात. औषधांनी भरलेली जहाजं समुद्रात खोळंबली आणि दवाखान्यांत औषधांवाचून माणसं दगावू लागली. मंत्र्यांनी दादाच्या मागे टुमणं लावलं. शेवटी त्याने बंदर मोकळं करण्याच्या हुकमावर सही केली. पोलीस आत शिरले, दगड आले, गोळ्या सुटल्या. क्रेनवाला गोळी लागून फाटकातच गेला.

तिने रेडिओवर ऐकलं आणि हातातला टाक तसाच ठेवून ती त्याच्या घरी गेली. त्याची बायको स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. "दादा येतोय ना?" तिने विचारलं. दादा आला नाही. त्याच्या वतीने एक अधिकारी आला आणि दारातच दोन शब्द बोलून गेला.

काही दिवसांनी भर दुपारी दादा तिच्या खोलीवर आला. खाली छापखाना धडधडत होता, जिन्यात अंगरक्षक उभे होते. तो तिच्या उतरत्या टेबलाशी येऊन थांबला.

"पुढचा भाग काढलास?"

"नाही."

"त्यात बंदर दाखव. तुझ्या पंतप्रधानापुढे दुसरा मार्गच नव्हता, हे लोकांना कळू दे. माझं ते ऐकत नाहीत. त्याचं ऐकतात."

"तो असं करणार नाही, दादा."

"मग काय केलं असतं त्याने? माणसं मरत होती गं."

"फाटकाशी गेला असता. स्वतः."

"आणि गेल्यावर?"

"ते मला माहीत नाही," ती म्हणाली.

"बघ. तुझी चौकट तिथे संपते. मला दुसऱ्या दिवशी उठावं लागतं."

"त्याच्या घरी तरी का गेला नाहीस?"

त्याने खुर्ची ओढली, पण बसला नाही. "कुठल्या तोंडाने जाऊ?"

"याच तोंडाने जायचं होतंस," ती म्हणाली. "मी खोटं काढणार नाही, दादा."

"अगं, मग आजवर काय काढत होतीस?"

तिने टेबलावरची जुनी पानं उलटी घातली. त्याने हात पुढे केला, बहुधा तिच्या डोक्यावर ठेवायला, पण तो मध्येच मागे घेतला आणि जिना उतरून गेला.

तिने शेवटचा भाग काढला. त्यातला पंतप्रधान राजीनामा देऊन एकटाच मित्राच्या घरी जातो. मित्राची बायको दार उघडते. त्याला आत ये म्हणत नाही, दार लावतही नाही. संपादकबाईंनी ते पान उजेडात धरून पाहिलं.

"छापते. पण पुढे काय?"

"पुढे नाही."

अंक हातोहात संपला. छापखान्याच्या दाराशी लोकांनी फुलं आणून ठेवली, बाया-माणसं धाय मोकलून रडली. क्रेनवाल्याच्या अंत्ययात्रेला एवढे लोक आले नव्हते. हे तिला इतकं लागलं की तिने पुन्हा त्या माणसाची एक रेघही ओढली नाही. दादाने अंकावर बंदी घातली नाही, फोनही केला नाही. पुढची निवडणूक तो स्वतःच्या फोटोंवर लढला आणि जिंकला.

त्यानंतर दोघं भेटली ती आईच्या उशाशी. आईची स्मृती विरत चालली होती. दादा तिचा हात धरून बसला होता आणि ती त्याच्याकडे संकोचाने बघत होती.

"साहेब, माझा मुलगा बंदरात असतो. फार भोळा आहे हो. तुम्ही ओळखता त्याला?"

"ओळखत होतो," दादा म्हणाला.

"भेटला तर म्हणावं, आई वाट बघते."

तो मान हलवत राहिला. मग उठला. बहीण दाराशी उभी होती. तो तिच्यासमोर थांबला, ती काहीतरी बोलेल म्हणून. ती वाट द्यायला बाजूला झाली. खालून गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तसा तो निघाला.

ती आत जाऊन त्याने सोडलेल्या खुर्चीत बसली.

"कोण होते गं ते?" आईने विचारलं. "चांगले वाटले. पण किती थकलेत."

तिने आईचं पांघरूण नीट केलं आणि खिडकीकडे तोंड फिरवून ती रडू लागली.