ताईनं सांगितलेला शेवट

बाइंडरला इंग्रजीचा गंध नव्हता, आणि तरी जुन्या ब्रिटिश सिनेमांवर त्याच्याइतकं ठासून बोलणारा माणूस त्या वाचनालयात दुसरा नव्हता. उथळ पाण्याला खळखळाट फार, असं कुणी म्हणेल. पण त्याचं पाणी उथळ नव्हतं, ते फक्त भलत्याच विहिरीचं होतं. आणि हे त्याला अडुसष्टाव्या वर्षी कळलं, हे त्याचं नशीब.

वाचनालयातली खिळखिळी झालेली पुस्तकं उसवायची, पुन्हा शिवायची, खळ लावून नवे पुठ्ठे चढवायचे, हे काम तो चाळीस वर्षं करत आला होता. यंदा ग्रंथपालबाईंनी वरच्या हॉलमध्ये दर शनिवारी दुपारी जुने ब्रिटिश सिनेमे दाखवायला सुरुवात केली. सिनेमा संपला की खुर्च्या गोल मांडायच्या आणि चर्चा करायची. पहिल्या शनिवारी बाइंडर पुस्तकांचा गठ्ठा पोचवायला म्हणून आला, दारातून पडद्याकडे बघितलं आणि तिथंच बसला. पडद्यावर तीन म्हातारे गावातला घड्याळाचा मनोरा परस्पर एका बाहेरच्या माणसाला विकायला निघाले होते. बाइंडरनं हा सिनेमा पाहिला होता. नऊ वर्षांचा असताना, ताईच्या शेजारी बसून.

ताई त्याची थोरली बहीण, अकरा वर्षांनी मोठी. आईवडील वर्षभराच्या अंतरानं गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरीला लागली होती. शेजारी तिच्याकडे आदरानं बघायचे, कारण पोरगी दिवसभर कानाला यंत्र लावून इंग्रजीत बोलते. रविवारी सकाळी दहाला एका थिएटरात हे ब्रिटिश सिनेमे लागत. ताई धाकट्या भावाला घेऊन जायची आणि सिनेमाभर त्याच्या कानाशी कुजबुजत राहायची. तो काय म्हणाला, ती का रडली, आता हा दाराआड का लपलाय, सगळं. फक्त शेवट कधी बघायला मिळायचा नाही. तिची कामाची पाळी साडेबाराला सुरू व्हायची, त्यामुळे शेवटची वीस मिनिटं राहिली की दोघं वाकून, लोकांच्या पायांवर पाय देत, शिव्या खात बाहेर पडायचे. मग एक्सचेंजपर्यंतच्या वाटेवर ताई त्याला शेवट सांगायची. ‘एक्सचेंजमधल्या बायकांनी पाहिलाय,’ असं म्हणून.

तर पहिल्या शनिवारी चर्चेत बाइंडर उभाच राहिला. “हे तिघे मनोरा विकत नव्हतेच हो! घड्याळ दुरुस्त करायला माणूस आणला होता त्यांनी. शेवटी बारा टोले पडतात आणि सगळं गाव नाचतं.”

नुकताच संपलेला सिनेमा सगळ्यांनी डोळ्यांनी बघितला होता. तिघे म्हातारे तुरुंगात गेले होते, आणि तुरुंगाच्या खिडकीतून त्यांना तोच मनोरा दिसत होता. दातांचे डॉक्टर, ज्यांना या सिनेमांतलं सगळं कळायचं आणि ते कळतं हेही सगळ्यांना कळावं असं वाटायचं, ते चष्मा पुसत म्हणाले, “तुमचा सिनेमा वेगळ्या गावात काढला असावा.” हसण्याचा फवारा उडाला. बाइंडरही हसला, पण कान लाल करून.

घरी येऊन त्यानं ताईला विचारलं. आता घरात पुन्हा ती दोघंच होती. बाइंडरचं लग्न झालं, संसार झाला, बायको गेली, मुलगी आपल्या घरी गेली. ताईनं लग्न केलंच नाही. ऐंशीला टेकली तरी जिभेची धार तीच. ती म्हणाली, “मी तेव्हाचं सांगितलं. नंतर बदलला असेल त्यांनी.”

पुढच्या शनिवारी रहस्यपट होता. धुक्यानं वेढलेलं घर, श्रीमंत मावशी, आणि सकाळी मावशीच्या हातातला रिकामा पेला. बाइंडर या खेपेला मुकाट्यानं बसला, कारण ताईच्या हिशेबानं मावशी नुसती गाढ झोपली होती. त्यानंतरच्या शनिवारी भुताचा सिनेमा. ताईच्या सिनेमात भूत नव्हतं, वरच्या मजल्यावरची बाई झोपेत चालायची. पडद्यावर मात्र भूत होतं, आणि असं होतं की चर्चेला येणाऱ्या हेडमास्तरांनी चर्चा सुरू होण्याआधी दिवे लावायला सांगितले. मग युद्धपट आला. समुद्रातले सुरुंग काढणाऱ्या बोटीवरचे अकरा जण, आणि ताईनं सगळे अकरा घरी पोचवले होते. पडद्यावर तिघे पोचले.

त्या संध्याकाळी ताई जेवताना खो खो हसली. “अरे, मला इंग्रजी येत होतं कुठं? ‘नंबर प्लीज’, ‘लाइन एंगेज’ आणि ‘होल्ड ऑन’. त्यापलीकडे कुणी बोललं की मी लाइन बाजूच्या बाईला देत असे. तू पोर. रात्री दचकून उठायचास. तुला काय मुडदे सांगायचे होते?”

“आणि एक्सचेंजमधल्या बायकांनी पाहिलेला शेवट?”

“त्या कशाला बघतात रविवारी सकाळी सिनेमे? घरी धुणी कोण धुणार?”

बाइंडरलाही हसू आलं. साठ वर्षं आपण बहिणीच्या मनातले सिनेमे ब्रिटिश समजून जपले, याचं त्याला वाईट वाटलं नाही. उलट आता चर्चेत तो आधी ताईचा सिनेमा सांगायचा, मग खरा. लोक खुर्च्या पुढे ओढून ऐकायचे. डॉक्टरांनाही एकदा कबूल करावं लागलं की मावशी झोपलेली जास्त बरी वाटते.

पण एक सिनेमा यायचा राहिला होता, आणि तो कधी येऊच नये असं बाइंडरला वाटत होतं.

तो या शनिवारी आला. प्रेमकथा. बंदराचं लहानसं गाव, पोस्टात काम करणारी तरुणी, तिचा धाकटा भाऊ, आणि बोटीवरचा डॉक्टर. ताईच्या सांगण्यानुसार शेवटी ती तरुणी डॉक्टरबरोबर जायला निघते, बोटीच्या शिडीवर अर्धी चढते आणि झटकन खाली उतरते, कारण घरी चुलीवर दूध ठेवलेलं तिला आठवतं. मग ती राहतेच. नऊ वर्षांच्या पोराला हे पूर्ण पटलं होतं. दूध उतू गेलं की ताई किती ओरडते, हे त्याला ठाऊक होतं.

पडद्यावर ती उतरली नाही. भोंगा झाला. भाऊ शेजारणीचा हात धरून धक्क्यावर उभा राहिला, बोट लहान होत गेली, आणि ती कठड्याला धरून त्याच्याकडे बघत राहिली. मग नुसतं पाणी.

खुर्च्या गोल झाल्या. हेडमास्तर म्हणाले, “पोराला असं टाकून जाणं मला काही पटलं नाही.”

“भाऊ मोठा होऊन गेलाच असता की आपल्या वाटेनं,” ग्रंथपालबाई म्हणाल्या. “मग तिच्याकडे काय उरलं असतं? मला तर ती गेली तेव्हा बरं वाटलं.”

“आणि दिग्दर्शकाची कमाल बघा,” दातांचे डॉक्टर म्हणाले, “शेवटची चार मिनिटं एक शब्द नाही. भाषा न येणाऱ्यालाही कळेल असा शेवट.” मग ते बाइंडरकडे वळले. “तुमच्या ताईंचा सिनेमा काय म्हणतो?”

बाइंडर उठला. “आज नको,” म्हणाला, आणि चपला हुडकायला लागला.

भाषा न येणाऱ्यालाही कळेल. रस्ताभर हेच त्याच्या डोक्यात. कारण हा एकच सिनेमा ताईनं शेवटपर्यंत बघितला होता. त्या रविवारी तिनं पाळी बदलून घेतली होती, ‘शिडी’च्या आग्रहावरून. शिडी हे नाव बाइंडरनं ठेवलेलं. तो इतका उंच होता की मागच्या रांगेतले लोक कुरकुर करायचे. बोटीवर विजेची कामं करायचा, दोन महिने रजेवर होता, आणि दर रविवारी योगायोगानं ताईच्या पलीकडच्या खुर्चीवर असायचा. सात रविवार असा योगायोग चालला. त्या दिवशी शेवट जवळ आला तेव्हा पोराला तहान लागली, आणि शिडी म्हणाला, “मी नेतो त्याला, तुम्ही बघा.”

बाहेरच्या नळापाशी शिडी उकिडवा बसला, म्हणजे त्याचं तोंड पोराच्या तोंडासमोर आलं. म्हणाला, “बुधवारी माझी बोट सुटते. ताईनं माझ्याबरोबर यावं असं मला वाटतं. वर्षभरात तुलाही नेऊ. ती येईल का रे?”

आणि पोरानं, तोंडावरचं पाणी पुसून, अगदी सहज सांगितलं, “मी विचारलंय ताईला. ती नाही म्हणाली.”

विचारलं कुणी होतं? पण शिडीला ते खरं वाटलं. मोठ्या माणसाला धीर नसला की त्याला लहान पोराचंही खरं वाटतं. तो पोराला दारापर्यंत सोडून गेला तो गेलाच.

ही गोष्ट बाइंडर विसरला नव्हता. ती टोचायची तेव्हा तेव्हा तो त्या दुधाचा आधार घ्यायचा. ती बाई आपणहून उतरली. ताईही उतरली असती. आपण केवळ तीन दिवस आधी सांगितलं. साठ वर्षं त्यानं त्या दुधावर काढली होती.

घरी ताई त्याच्या सदऱ्याला इस्त्री करत होती. “काय होतं आज?” तिनं नेहमीसारखं विचारलं.

“बोटीवरच्या डॉक्टरचा.”

इस्त्री बाहीवर थांबली. मग तिनं ती उचलून उभी ठेवली आणि बटण बंद केलं.

“तो तू सबंध बघितला होतास,” बाइंडर म्हणाला. “त्या शेवटाला इंग्रजी लागत नव्हतं, ताई.”

“नव्हतं लागत.”

“मग दूध कुठून आलं?”

“तू बाहेरून आलास, माझा हात धरलास आणि विचारलंस, ती गेली का? तुझा हात गार पडला होता. मी काय सांगणार होते?” ती खुर्चीवर बसली. “आणि तो तर पाणी पाजायला म्हणून गेला तो परत आलाच नाही. मी सोमवारी वाट बघितली, मंगळवारी बघितली. एक्सचेंजमध्ये दर घंटेला वाटायचं, ही लाइन त्याची. बुधवारी बोट गेली. मनात म्हटलं, सात रविवार शेजारी बसला म्हणून काय झालं. आपणच मनात मांडे खाल्ले. त्यानं काही कधी विचारलं नव्हतं.”

बाइंडर उभा होता तो खाली बसला, तिच्या खुर्चीपाशी, जमिनीवर. अडुसष्ट वर्षांच्या गुडघ्यांनी कुरकुर केली.

“विचारलं होतं,” तो म्हणाला. “मला विचारलं होतं. नळापाशी. तू त्याच्याबरोबर जाशील का म्हणून.” आणि मग त्यानं सगळं सांगितलं, स्वतःचं वाक्यही, जसं बोलला होता तसं. त्यानं एक शब्द गाळला नाही.

ताई ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर राग दिसेल म्हणून तो बघत होता, पण आधी तिथं दुसरंच काही आलं. गाल किंचित लाल झाले.

“म्हणजे त्यानं विचारलं होतं,” ती म्हणाली.

“हो.”

“उकिडवा बसून?”

“हो.”

“एवढा मोठा माणूस.” ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. मग तिनं भावाच्या डोक्यावर एक टपली मारली, चांगली लागेल अशी. “गाढवा. आज सांगतोस?”

“माफ कर मला.”

“माफ काय करायचंय त्यात. नऊ वर्षांचं पोर तू. तुला टाकून मी जाणार होते का कुठं? मी नाहीच म्हटलं असतं.” तिनं पदरानं डोळे टिपले. “पण ते मला म्हणायचं होतं रे. माझ्या तोंडानं. त्याच्या तोंडाकडे बघून. तेवढंसुद्धा मिळालं नाही मला.”

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“विचार,” ताई अचानक म्हणाली.

“काय?”

“त्यानं विचारलं ते. मला विचार. म्हणजे मी नाही म्हणते आणि विषय संपवू.”

त्याला ते पोरकट वाटलं, पण तिचा चेहरा पोरकट नव्हता. तिनं पाठ सरळ केली होती, केस कानामागे सारले होते. तो जमिनीवरून तिच्याकडे बघून म्हणाला, “बुधवारी माझी बोट सुटते. येशील का माझ्याबरोबर?”

ताईनं तोंड उघडलं. तिचे ओठ हलले, ती त्याच्याकडे बघत राहिली, थांबली, पुन्हा प्रयत्न केला. तिनं खुर्चीचा हात घट्ट धरला. ‘नाही’ काही तिच्या तोंडून निघेना.