बादली भरून ठेवली

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या त्या घरात बीअर करायची ती सून. नाक मुरडायचं ते सासऱ्यांनी. पण शशिकांतरावांनी तेही सोडून दिलं होतं. पत्नी शैलाताई गेल्या आणि मुलगा यतीन वडिलांना पुण्याहून इकडे घेऊन आला, तेव्हापासून ते खिडकीशी बसत, राउंडअबाउटवरच्या गाड्या बघत आणि पुढ्यातलं ताट नुसतं चिवडत. सुनेनं, वैभवीनं, जंग जंग पछाडलं, पण माणूस हूं की चूं करेल तर शपथ.

आणि अशा माणसानं आपणहून काही केलं, तर नेमकं हे!

शनिवारी वैभवीनं माल्ट, म्हणजे मोडाच्या जवाची गोड पूड, पाण्यात उकळून, गार करून, यीस्ट घालून बादली ठेवली. फेसासाठी वर जागा सोडली. बाबांना वाटलं, पोरीची बादली अपुरी राहिली. इथल्या नळावरही त्यांचा भरवसा नाही. पाणी उकळून गार करूनच प्यायचे. त्या पाण्याचा मोठा जग त्यांनी बादलीत रिकामा केला. एकदा नव्हे, दोनदा.

"भरून ठेवली गं," ते म्हणाले. कित्येक महिन्यांत ते स्वतःहून पहिल्यांदा बोलत होते.

वैभवीच्या ओठांवर आलेलं "अहो बाबा, हे काय!" तिनं गिळून टाकलं. "बरं झालं, माझ्या लक्षातच नव्हतं," ती म्हणाली आणि त्यांची पाठ वळताच तिनं बादलीत हायड्रोमीटर सोडला. रसात साखर भरपूर असली की ही काचेची नळी वर तरंगते. ती डुबकन खाली गेली. झालं! बीअर कसली, पाणचट सरबत. ओतून टाकावं तर बाबांना कळणार, आणि कळलं की स्वारी पुन्हा खिडकीशी, या वेळी कायमची.

दुसऱ्या दिवशी बाबा आंघोळीला गेल्याचं बघून तिनं उरलेली माल्टची पूड पाण्यात उकळली, गार केली आणि गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांशेजारी उबेला ठेवलेल्या बादलीत हळूहळू ओतली. वर जेमतेम साय धरावी एवढाच फेस होता.

दुपारी हाक आली. "वैभवी! अगं, लवकर ये!"

बाबा पडले की काय! हातातला डाव टाकून ती धावली. बाबा कपाटापुढे चक्क गुडघे टेकून बसले होते. झाकणातल्या नळीतून फेस भसाभसा उसळत होता, टॉवेल भिजून गेले होते, आतून सारखी खळबळ ऐकू येत होती आणि ताज्या पावाचा वास सुटला होता. इतक्या वर्षांत वैभवीनंही असं कधी पाहिलं नव्हतं. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"हे जिवंत आहे गं!" बाबांनी बादलीवर तळवा ठेवला. "ऊबसुद्धा लागतेय. काल तर अगदी गप्प होतं."

"उपाशी होतं, बाबा," ती बोलून गेली. "सकाळी खायला घातलं."

"उपाशी कशानं?"

ती भिजलेले टॉवेल गोळा करू लागली.

"माझ्या पाण्यानं?"

आता खोटं बोलवेना. तिनं मान हलवली आणि जीव मुठीत धरून त्यांच्याकडे बघत राहिली. ते मात्र फेसाकडेच बघत होते.

"एवढं पाणी ओतलं, तरी सावरलं?"

"सावरलं, बाबा."

"कमाल आहे!" त्यांचे डोळे भरून आले. मग कपाटाचं दार धरून ते उठले.

"वैभवी, वरण-भात आहे का गं? तूप जरा जास्त घाल. भूक लागलीय."