चाळीस पावलांचा रस्ता

मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे, मित्रांनो. अमेरिकेतल्या एका सरकारी इस्पितळाच्या तळघरात, मोडक्या पंख्याशेजारी माझा मुक्काम असतो. थापा मारायची मला खोड आहे, पण शेवटची गोष्ट मात्र खरी.

१९८० साली कारखान्यातून आले तेव्हा मी अशी चकचकीत होते, की डॉक्टर माझ्या दांड्यात बघून भांग पाडत. डावं चाक तेवढं कुरकुरायचं. नागपूरच्या हेड नर्स उत्तरामावशी त्यात खोबरेल तेलाचा थेंब सोडत.

रस्त्यापलीकडे, बरोबर चाळीस पावलांवर, डॉक्टर विवेककाकांचा दोन खोल्यांचा दवाखाना होता. तिथे गर्भपात करत. क्वचित एखादीला रक्तस्राव जास्त झाला, की काका फोन करत आणि मावशी मला पिटाळत. कधी मी पोचेपर्यंत पेशंट सावरलेली असे. पण काकाही नागपूरचेच! शेजारचा डबा रिकामा परत करायचा नाही, ही घरची रीत त्यांनी मलाही लावली. मग माझ्यावरून चिवडा येई.

"चिवडा आहे की मिरच्यांचं दुकान रे?" मावशी फोनवर विचारत.

एकदा तर वाऱ्याने मी एकटीच पलीकडे गेले आणि दोन पेशंट तपासून आले. नका ठेवू विश्वास.

मग राज्यात कायदा आला. सरकारी इस्पितळाची जागा आणि माणसं गर्भपातासाठी वापरायची नाहीत. जीव वाचवायला त्यात मनाई नव्हती, खुर्चीचं तर नावही नव्हतं. पण आमचे व्यवस्थापक धास्तावले. त्यांनी नोटीस लावली: पलीकडच्या दवाखान्याशी कसलाच संबंध नको.

एका दुपारी फोन वाजला.

"उत्तरा, खुर्ची पाठव! ब्लीडिंग थांबत नाहीये."

"नोटीस लागलीय रे. खुर्ची रस्ता क्रॉस करू शकत नाही. जॉब जाईल माझा."

"अगं, चाळीस पावलं आहेत!"

"अँब्युलन्स बोलाव. दारात आली की मी बघते, प्रॉमिस."

तरी मावशींनी मला फुटपाथच्या कडेपर्यंत आणलं. तिथे थांबल्या. ब्रेक लावला.

शेजारच्या गावची अँब्युलन्स यायला पस्तीस मिनिटं लागली. एकोणीस वर्षांची डोरीन शेवटी आमच्याच दारात उतरली. जीव वाचला, पण गर्भाशय काढावं लागलं. घरी जाताना ती माझ्यावर बसून एवढंच म्हणाली, "मला पुढे मुलं हवी होती."

त्याच संध्याकाळी, नोटीस असूनही, मावशींनी मला रस्त्यापलीकडे नेलं. माझ्यावर चकल्यांचा डबा होता. काकांनी तो उचलून घेतला. मला हळूच वळवलं आणि दार लावलं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा रिकामी परतले.

मित्रांनो, जुन्या खुर्चीची गादी शिवा, चाकांना तेल घाला. माझ्याकडे आलात तर मात्र आधी ब्रेक सोडा. मी अजून त्या फुटपाथच्या कडेलाच उभी आहे.