गाईनं चावलेला क्रूस

मी चांदीचा क्रूस बोलतोय. माझा डावा हात जरा वाकडा आहे, कारण तो गाईनं चावलाय. ऐकून लोक हसतात. हसू देत. त्या वाकड्या हातानंच मला घरी आणलं.

माझा जन्म मात्र हसण्यासारखा नव्हता. पहिल्या महायुद्धात कॅनडाचा शिपाई पडला की सरकार त्याच्या आईला एक पदक पाठवी. क्रुसाच्या आकाराचं, जांभळ्या फितीत ओवलेलं, पाठीवर मुलाचं नाव आणि नंबर कोरलेला. तोच मी. माझ्या पाठीवर होतं डी. मॅकनील. टपालातून मी केप ब्रेटन बेटावर गेलो, ग्लेनमोरच्या खाडीवर, मोरॅगबाईच्या घरी. पडलेला डॅन तिचा पोरगा.

बाकीच्या आया आपले क्रूस रविवारी चर्चला घालायच्या. मोरॅगनं मला पेटीतून काढलं, गळ्यात घातलं आणि तशीच धार काढायला गेली. त्या दिवसापासून मी रोज तिच्या गळ्यात. बटाटे खणताना, मासे खारवताना. जरा बसली की अंगठ्यानं माझी पाठ चोळत राहायची. चोळून चोळून नंबर पार गेला, नाव तेवढं उरलं.

एका सकाळी ती गाईच्या तोंडापुढं चारा टाकायला वाकली आणि गाईनं मला फितीसकट तोंडात घेतलं. इकडून मोरॅग ओढतेय, तिकडून गाय चावतेय. धाकटी लेक सेडी दारात उभी होती. ती म्हणाली, "आई, डॅन असता तर म्हणाला असता, तिला मीठ तरी लावून दे." मोरॅग मट्‌कन शेणात बसली आणि हसत सुटली. पोरगा गेल्यापासून पहिल्यांदा. मग रडली, मग परत हसली. माझा हात तेव्हापासून असा. गावभर ती गोष्ट झाली.

मोरॅग गेल्यावर सेडीनं मला जपून ठेवलं, बटणांच्या डब्यात, अगदी तळाशी. इतकं जपून की तिलाच आठवेना. एका उन्हाळ्यात चर्चनं भरवलेल्या जुन्या वस्तूंच्या विक्रीला तिनं तो डबा देऊन टाकला आणि मी कुणा पाहुण्याच्या गाडीत बसून गावाबाहेर गेलो.

पुढं चौतीस वर्षं अंधार आणि बटणं. मग ओंटारियोतल्या एका बाईनं तो डबा विकत घेऊन टेबलावर ओतला. ही आयला. तिचा नवरा मर्व्हिन टपालखात्यातून निवृत्त झालेला. लढाईत पडलेल्यांची पदकं गोळा करायची, कागद धुंडाळून ती कुणाची ते शोधायचं, हा त्याचा नाद. मला पाहून तो नाचायचाच बाकी राहिला.

"हा हात तेवढा सरळ करतो," असं म्हणत त्यानं चिमटा उचलला.

आयला म्हणाली, "तू टपालातली पत्रं फोडून चुका दुरुस्त करायचास का? आलंय तसं पोचव."

त्यानं चिमटा ठेवला. बाई शहाणी.

मर्व्हिननं राजधानी ऑटावाहून लष्कराचे कागद मागवले. निघाले एकाच खाडीचे तीन डी. मॅकनील, तिघंही पडलेले. एकाची आई आधीच वारलेली. उरले दोन. त्यातल्या एकाच्या कागदांत आईची सही होती, क्रूस मिळाल्याची पोच. मर्व्हिनचा जन्म टपालात गेलेला. पोच दिसली की त्याला पुढचं काही दिसत नसे. गाडीत घालून तो मला परत ग्लेनमोरला, थेट पेगीच्या स्वयंपाकघरात घेऊन गेला.

पेगी एकोणऐंशीची. तिचा काका डॅन लढाईत पडलेला, आणि त्याच्या आईचा क्रूस घराच्या आगीत गेलेला. मर्व्हिननं मला तिच्या हातावर ठेवलं तेव्हा तिचे डोळे भरले. मला गळ्याशी धरून तिनं आरशात पाहिलं. गप्प बसली असती तर मी तिचाच झालो असतो.

मग तिचं बोट माझ्या वाकड्या हातावर गेलं.

"बसा, चहा घ्या," ती म्हणाली. "इथं अर्धं गाव मॅकनील आहे. तुमच्या कागदाला काय कळणार कुठला डॅन ते. आमचा होडीवाल्यांचा डॅन. हा तांबड्या रोरीचा आणि त्याच्या मोरॅगचा. हा क्रूस गाईनं चावलाय."

"मग त्यांची पोच का नाही?"

"मोरॅगला लिहिता कुठं येत होतं. चला, तिची सेडी पलीकडंच राहते. फक्त ती माझ्याशी बोलत नाही. चर्चच्या विक्रीला बटणांचा डबा मी विकला होता."

सेडीनं दार उघडलं. शहाऐंशीची, ताठ. पेगीकडं न बघता मर्व्हिनला म्हणाली, "या बाईला सांगा, दार लाव म्हणावं, माशा येतात."

"यांना सांगा, हात पुढं करा म्हणावं," पेगी म्हणाली आणि तिनं मला सेडीच्या हातावर ठेवलं.

सेडीचा अंगठा आपसूक माझ्या पाठीवर आला. आईचा यायचा तिथंच. मर्व्हिन बिचारा टोपी फिरवत उभा.

"डबा मीच दिला होता, पेगी," सेडी म्हणाली. "त्याच संध्याकाळी कळलं होतं मला. पण स्वतःवर चिडण्यापेक्षा तुझ्यावर चिडणं सोपं गेलं."

"ते मला कधीचंच ठाऊक होतं," पेगी म्हणाली. "पण चौतीस वर्षं मी तुझ्या हातच्या ओटाच्या वड्या खाल्ल्या नाहीत, त्याचं काय?"

"भट्टीत आहेत. बस. पण लोणी बेतानं घे, तुझी सवय माहितेय मला."

त्या दिवशी तिघांनी मिळून ताट रिकामं केलं. मर्व्हिननं घरी फोन लावला, "आयला, पत्ता चुकला होता, पण माल पोचला."

आता मी सेडीच्या खिडकीत खिळ्याला असतो. अकरा नोव्हेंबरला, पडलेल्यांच्या नावांच्या दगडापाशी सगळे जमतात, तेव्हा एक वर्ष मी सेडीच्या गळ्यात, एक वर्ष पेगीच्या. सेडीच म्हणाली, डॅन दोन होते, क्रूस एक उरलाय, वाटून घेऊ. यंदा पेगीची पाळी. तिनं फितीला इस्त्रीसुद्धा केलीय.

तुमच्या बटणांच्या डब्यात माझा कुणी भाऊबंद निघाला, तर त्याला घासूपुसू नका, सरळ करू नका. आधी त्याचं घर शोधा. आणि धार काढायला जाणार असाल, तर गळ्यातलं पदरात खोचून जा.